जाणाऱ्या अध्यक्षाचा हिशोब कधी आणि कसा मांडायचा?

प्रश्न: बायडन गेले, ट्रम्प परत आले. आमच्या मित्रांमध्ये सरळ दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या शेवटच्या पोलमध्ये जेमतेम ४० टक्के लोक बायडनवर खूश होते, म्हणजे माणूस फेल गेला, विषय संपला. बाकीचे म्हणतात पोल सोडा, कायदे बघा. अध्यक्ष जाताना त्याची लेगसी ठरवायची तर नेमकं बघायचं काय?

उत्तर: पोल सरसकट फेकून द्या असं मी म्हणणार नाही, त्या चार वर्षांत लोकांना काय सोसावं लागलं ते त्यात दिसतंच. पण जायच्या दिवशीचा आकडा आणि पन्नास वर्षांनंतरचं मत यांचा फारसा मेळ बसत नाही हेही तितकंच खरं. हॅरी ट्रूमन घ्या. १९५२ च्या फेब्रुवारीत गॅलपमध्ये ते २२ टक्क्यांवर आले होते, कोरियाचं युद्ध अडकून पडलेलं, मॅकआर्थरसारख्या लाडक्या जनरलला आदल्या वर्षी त्यांनी घरी पाठवलेलं, लोक भयंकर चिडलेले. १९५३ च्या जानेवारीत पद सोडून ते ट्रेननं मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी परत गेले तेव्हा माजी अध्यक्ष म्हणून पेन्शनसुद्धा नव्हती, तो कायदा १९५८ ला आला. आज इतिहासकारांच्या बहुतेक याद्यांमध्ये हाच माणूस पहिल्या दहात असतो. युद्धानंतर युरोपला सावरणारा मार्शल प्लॅन, नाटो, सैन्यातला वंशभेद संपवायचा १९४८ चा आदेश, हे सगळं आता त्यांच्या नावावर जमा आहे, आणि गंमत बघा, ज्या मॅकआर्थर प्रकरणानं ते सगळ्यात जास्त बदनाम झाले तेच आता त्यांच्या बाजूनं सांगितलं जातं, की जनरल कितीही मोठा असला तरी शेवटचा शब्द निवडून आलेल्या माणसाचा.

पण लगेच एक सांगते, प्रत्येक नावडत्या अध्यक्षाची माणसं जाताना ट्रूमनचं नाव घेतात. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी तर स्वतःच २००६ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या भाषणात ट्रूमनचा दाखला दिला होता. सगळ्यांचा आलेख असा वर जात नाही. जेम्स ब्युकॅनन १८६१ मध्ये देश फुटत असताना पायउतार झाले, इतिहास आपल्याला न्याय देईल अशी त्यांना शेवटपर्यंत खात्री होती आणि आजही ते यादीच्या तळालाच आहेत. त्यामुळे 'आज शिव्या खातोय म्हणजे उद्या मोठा ठरणार' हे लॉजिक मला अजिबात पटत नाही.

मग बघायचं काय? माझ्या मते अध्यक्षाला एकच मार्क द्यायचाच नाही. निर्णय एकेक करून घ्यायचा आणि प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायच्या: हा निर्णय खरंच त्याचाच होता का, की त्याच्या काळात नुसता घडला, त्याची किंमत कोणी मोजली, आणि पुढच्या माणसाला तो सहज पुसता येतो का.

तिसरा प्रश्न या वेळी आपल्या डोळ्यांदेखत सुटला. २० जानेवारी २०२५ ला दुपारी १२ वाजता सत्ता बदलली आणि त्याच दिवशी ट्रम्पनी बायडनच्या काळातले ७८ आदेश एका सहीनं रद्द केले. हवामान बदलावरच्या पॅरिस करारातून अमेरिका पुन्हा बाहेर. ओबामांनी २०१६ मध्ये सिनेटची मंजुरी न घेता त्यात प्रवेश केला, ट्रम्पनी बाहेर काढलं, बायडननी परत आत नेलं, आता परत बाहेर. सहीनं आलेली गोष्ट सहीनं जाते, त्यामुळे नुसत्या आदेशांची लांबलचक लिस्ट दाखवून कोणी लेगसी सांगायला लागला की मी जरा सावध होते. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, पास केलेला कायदा मोडायला परत काँग्रेसच लागते, पैसे अडवता येतात, अंमल ढिला करता येतो, पण कायदा एका दुपारी गायब होत नाही.

याचं एक उदाहरण जवळून बघू. मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा. २००३ च्या कायद्यानुसार मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायलाच बंदी होती, म्हणजे जगातला एवढा मोठा गिऱ्हाईक आणि भाव विचारायची सोय नाही. २०२२ मध्ये बायडननी सही केलेल्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टनं ती बंदी उठवली. पहिल्या फेरीत १० औषधं घेतली. त्यातलं डायबेटिसचं जानुव्हिया, महिन्याच्या डोसची लिस्ट प्राइस ५२७ डॉलर होती, ती ठरली ११३ डॉलर. पण हे नवे भाव लागू व्हायची तारीख जानेवारी २०२६ ची, म्हणजे बायडन घरी जाऊन जवळजवळ एक वर्ष झाल्यावर! निवडणुकीत मत द्यायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात त्यातलं काहीच आलं नव्हतं, इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा मात्र आधी आली होती.

आणि ही गोष्ट एकट्या बायडनची नाही. ट्रूमननी १९४५ मध्येच राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला होता, काँग्रेसनं तो हाणून पाडला, तेव्हाच्या हिशोबात ते अपयश. वीस वर्षांनी लिंडन जॉन्सननी मेडिकेअरचा कायदा केला आणि सही करायला मुद्दाम इंडिपेन्डन्सला ट्रूमन यांच्या लायब्ररीत गेले, पहिलं कार्ड ट्रूमन यांनाच दिलं. हे वाचलं की मला दर वेळी बरं वाटतं. हरलेला प्रस्तावसुद्धा हिशोबात धरायला हवा, पुढचा माणूस बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतो.

जॉन्सनचंच बघा, १९६९ मध्ये ते गेले तेव्हा व्हिएतनाममध्ये ५ लाखांवर अमेरिकन सैनिक होते आणि दुसरं काही बोलायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. त्यांनीच १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा केला होता, सही करताना स्वतःच म्हणाले होते की हा काही क्रांतिकारी कायदा नाही. आज अमेरिकेत जे लाखो भारतीय दिसतात, त्यात आपली मराठी माणसंही आली, त्यांचा रस्ता त्या कायद्यानं उघडला. मात्र त्यानं व्हिएतनाम धुऊन निघत नाही, ही दोन खाती वेगळीच ठेवायची.

आता बायडनची वजा बाजू, तीही स्पष्ट सांगते. अफगाणिस्तानातून बाहेर पडायचा करार ट्रम्प सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्यात केला होता, त्यामुळे निघायचा निर्णय दोघांचा धरा, पण ज्या पद्धतीनं निघाले ती पद्धत बायडनची. २६ ऑगस्ट २०२१ ला काबूल विमानतळाच्या गेटवर स्फोट झाला, १३ अमेरिकन सैनिक आणि शंभरावर अफगाण माणसं मेली. महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली, त्यात कोविडनंतर अडकलेला माल होता, युक्रेनचं युद्ध होतं, आणि बायडननी २०२१ च्या मार्चमध्ये बाजारात ओतलेले १.९ लाख कोटी डॉलरही होते, तेवढा वाटा त्यांनी घ्यायलाच हवा. खेड्यापाड्यात ब्रॉडबँड न्यायला ४,२४५ कोटी डॉलर मंजूर केले २०२१ ला, आणि जाईपर्यंत त्या योजनेतून एक घर जोडलं गेलं नव्हतं, नुसते नियम, आराखडे, मंजुऱ्या. कायदा केला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

गाझाचं खातं मला सगळ्यात जड वाटतं. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे जानेवारी २०२५ च्या मध्यापर्यंत ४६ हजारांवर माणसं मेली होती आणि त्या सगळ्या काळात अमेरिकेची शस्त्रं इस्रायलला जात होती, मे २०२४ मध्ये मोठ्या बॉम्बची एक खेप थांबवली तेवढीच. याला कुठला कायदा दाखवून भरपाई होत नाही.

आणि उमेदवारी. २७ जून २०२४ ची ती डिबेट सगळ्या जगानं पाहिली, तरी माघार घेतली २१ जुलैला, कमला हॅरिसना उरले १०७ दिवस. आपण केलेलं टिकावं असं वाटत असेल तर वारसदार वेळेत उभा करणं हेही कामच आहे, आणि ते त्यांनी केलं नाही. तुम्ही दोन्ही तटांना हे सांगा, की कायदे बघणाऱ्यांचं बरोबर आहे पण त्यांची यादी अर्धी आहे.

प्रश्न: गाझातल्या जानेवारी २०२५ च्या युद्धविरामाचं श्रेय बायडन आणि ट्रम्प दोघांनीही घेतलं. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. कराराचा सांगाडा बायडननी मे २०२४ मध्ये जाहीर केला होता, तो आठ महिने पडून राहिला, मग जानेवारीत दोह्याला बायडन यांचे ब्रेट मॅकगर्क आणि ट्रम्प यांचे स्टीव्ह विटकॉफ एकाच बाजूनं बसले आणि १५ तारखेला करार जाहीर झाला. ट्रम्प येतायत या दबावाचा उपयोग झाला हे उघड आहे, आणि आठ महिने हलत नव्हतं ते का हलत नव्हतं हाही प्रश्न बायडनना विचारायलाच हवा.

असं आधीही झालंय. इराणमधले ५२ अमेरिकन ओलीस ४४४ दिवस अडकले होते. जिमी कार्टरनी अध्यक्षपदाच्या शेवटच्या रात्री झोपही न घेता अल्जीरियाच्या मध्यस्थीनं करार पूर्ण केला आणि इराणनं विमान सोडलं ते रेगन यांची शपथ झाल्यावर. टीव्हीवर जोडलं गेलं रेगन यांचं नाव. रेगननी मात्र एक चांगली गोष्ट केली, ओलिसांना भेटायला जर्मनीला कार्टरनाच पाठवलं.

महागाईचंही तसंच. कार्टरनी १९७९ मध्ये पॉल व्होल्करना फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, आणलं, त्यांनी व्याजदर पार २० टक्क्यांच्या जवळ नेले, लोकांची कर्जं महागली, कार्टर निवडणूक हरले, फक्त ६ राज्यं मिळाली. १९८० मध्ये १३ टक्क्यांच्या वर असलेली महागाई १९८३ पर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली, तेव्हा गादीवर रेगन. पण रेगननीही बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली तरी व्होल्करना हटवलं नाही, तेवढं श्रेय त्यांचंही आहे, ते काढून घेऊ नये.

प्रश्न: निवडणूक झाल्यावर शेवटच्या अडीच महिन्यांत केलेल्या गोष्टी लेगसीत धरायच्या का? लोकांनी निवडलेला माणूस तर दुसराच असतो. आणि त्या माफ्यांचं काय?

उत्तर: धरायच्या, उलट जास्त बारकाईनं बघायच्या, कारण तेव्हा मतांची भीती संपलेली असते आणि माणसाला खरंच काय हवंय ते कळतं. जॉन ॲडम्स १८०० ची निवडणूक हरल्यावर १८०१ च्या जानेवारीत जॉन मार्शल यांना सरन्यायाधीश करून गेले आणि मार्शल १८३५ पर्यंत त्या खुर्चीवर होते, संसदेचा कायदा घटनेविरुद्ध म्हणून रद्द करायचा कोर्टाचा अधिकार त्यांनीच १८०३ मध्ये पक्का केला. ॲडम्स यांच्या चार वर्षांतल्या बाकी कुठल्याच गोष्टीचा एवढा लांब परिणाम झाला नसेल. कार्टरनी हरल्यावर, २ डिसेंबर १९८० ला, अलास्कातल्या १० कोटी एकरांवर जमिनीला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली.

माफ्यांचं माझं मत असं आहे की कोणासाठी केली ते बघायचं. बायडननी २३ डिसेंबर २०२४ ला केंद्राच्या ४० पैकी ३७ फाशीच्या कैद्यांची शिक्षा बदलून जन्मठेप केली, पॅरोलशिवाय. तुम्हाला पटो न पटो, त्यात त्यांचा स्वतःचा फायदा काही नव्हता. मुलगा हंटरला मात्र, माफ करणार नाही असं वारंवार सांगून, १ डिसेंबरला माफी दिली, आणि शपथविधीच्या काही मिनिटं आधी भाऊ-बहिणींनाही आगाऊ माफी देऊन टाकली. बाप म्हणून समजू शकते, अध्यक्ष म्हणून नाही. त्याच संध्याकाळी ट्रम्पनी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली, त्यात पोलिसांवर हल्ला केलेलेही होते, आणि तेव्हा बायडनच्या बाजूच्यांना विरोध करताना आवाज चढवणं अवघड गेलं, हे नुकसान माझ्या मते अजून कोणी नीट मोजलेलं नाही.

तरी अध्यक्ष जेराल्ड फोर्डचं उदाहरण डोक्यात ठेवा. सप्टेंबर १९७४ मध्ये त्यांनी वॉटरगेट प्रकरणात राजीनामा दिलेल्या निक्सनना माफी दिली, देश खवळला, १९७६ ला ते हरले. २००१ मध्ये त्याच माफीसाठी केनेडी लायब्ररीनं त्यांना धैर्याचा पुरस्कार दिला, आणि तेव्हा विरोध केलेल्या टेड केनेडींनी आपलं मत बदलल्याचं उघड सांगितलं.

प्रश्न: बायडनच्या काळातली खरी कागदपत्रं कधी बघायला मिळणार?

उत्तर: वॉटरगेटनंतर १९७८ मध्ये कायदा झाला, रेगनपासून पुढच्या सगळ्या अध्यक्षांना तो लागू आहे. कागद अध्यक्षाचे नसतात, सरकारचे असतात, ते २० जानेवारीलाच नॅशनल अर्काइव्ह्जच्या ताब्यात जातात. पाच वर्षांनी माहिती मागता येते, म्हणजे २०३० पासून, आणि सल्लागारांशी झालेल्या खाजगी चर्चेसारखे काही प्रकार १२ वर्षांपर्यंत, म्हणजे २०३७ पर्यंत, बंद ठेवता येतात. गुप्त शिक्का असलेले त्याहून उशिरा. काबूलच्या आणि गाझाच्या काळातल्या मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं हे तोपर्यंत आपल्याला आठवणींच्या पुस्तकांतूनच कळणार, आणि ती पुस्तकं लिहिणारे स्वतः त्या खोलीत बसलेले होते एवढं वाचताना लक्षात असू द्या.