सुट्टी मुलाला, सीझन आईचा

मे महिना आला की समुपदेशकाच्या प्रॅक्टिसमध्ये दोन गोष्टी एकदमच होतात. शाळा बंद होतात आणि निकाल लागायला लागतात. 2024 मध्ये बारावीचा निकाल 21 मेला लागला, 2025 मध्ये तर 5 मेलाच. पाठोपाठ दहावी, मग नीट, मग अकरावी प्रवेशाची धावपळ. धास्तावलेले पालक, दार लावून बसलेली मुलं, ‘आजच वेळ मिळेल का’ म्हणणारे फोन. आणि नेमकं याच दिवसांत समुपदेशकबाईंचं स्वतःचं पोर सकाळपासून घरात. नोकरीत निदान रजेचा अर्ज तरी टाकता येतो. क्लिनिक स्वतःचं असलं की अर्ज कुणाकडे टाकायचा?

तरुण समुपदेशक माझ्याकडे सुपरव्हिजनसाठी येतात, म्हणजे आपल्या कामाबद्दल आणि कामामुळे होणाऱ्या घुसमटीबद्दल बोलायला. त्यातल्या आयांचा हा दर उन्हाळ्याचा प्रश्न: ‘प्रॅक्टिस आणि मूल, कुठेच पुरी पडत नाही, काय करू?’ एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती नाशिकची. मुलगा सात वर्षांचा, नवरा अंबडला कंपनीत. एरवी ती गंगापूर रोडला भाड्याच्या जागेत बसते, पण सुट्टीत मुलाला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिने घरचीच एक खोली क्लिनिक करून टाकली. भाडं तिकडेही चालूच.

एका दुपारी आधीचं सेशन लांबलं. पुढचा क्लायंट, बारावीचा मुलगा, हॉलमध्ये थांबला होता. निकाल नुकताच लागलेला, मनासारखा नाही. तिचे चिरंजीव कैरीला तिखटमीठ लावून खात बसले होते. त्यांनी मोठ्या मनाने एक फोड पुढे केली आणि विचारलं, ‘दादा, तुला किती पडले?’ मुलाने फोड हातात घेतली, तशीच टीपॉयवर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेला.

‘मी पोराला फटका दिला, मॅडम,’ ती सांगत होती. ‘मग रडले. मग पुढचं ऑनलाइन सेशन घेतलं, चेहरा धुऊन. सांगा, आता प्रॅक्टिस पंधरा जूनपर्यंत बंद करू, की मुलाला अमरावतीला आईकडे पाठवू?’

मे महिन्यात अमरावतीला! पण ते असो. मी म्हटलं, ‘आधी डायरी दाखव.’

डायरीत मे महिना खोडाखोडीने भरला होता. सकाळच्या वेळा दुपारी, दुपारच्या रात्री साडेनऊला, बरेचसे बदल त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर कळवलेले. मुलाचंही तसंच. अपराधी वाटलं की ती सेशन पुढे ढकलून त्याला आइस्क्रीम खायला न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून सलग पाच जणांना वेळ द्यायची. शिवाय त्याला तीन शिबिरं लावलेली, म्हणजे ने-आण करणारी हीच. मुलाला कमी वेळ मिळतोय हे तिचं म्हणणं मला पटलं नाही. वेळ बराच मिळत होता, पण कधी मिळेल याचा भरवसा त्याला नव्हता आणि क्लायंटनाही नव्हता.

ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरणारी, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली. इच्छेचं ‘च’कारी हट्टात रूपांतर झालं की त्रास सुरू होतो, हे ती रोज इतरांना शिकवते. तिच्या मनात असे दोन हट्ट शेजारी शेजारी बसले होते. ‘सुट्टीत आई पूर्णपणे मुलाचीच असायला हवी.’ आणि ‘माझ्या भरवशावर असलेल्या माणसाला मी एक आठवडाही थांबवताच कामा नये.’ एकाला खूश केलं की दुसरा रागावणार. मी तिला वाक्यं कागदावर लिहायला सांगितली. दुसरं लिहून झाल्यावर ती हसली आणि म्हणाली, ‘हे क्लायंटने म्हटलं असतं तर दहा मिनिटांत सोडवलं असतं मी.’

सुट्टी घेणं म्हणजे क्लायंटला वाऱ्यावर सोडणं, हे आपल्याकडच्या बायकांच्याच डोक्यात जास्त. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे व्हिएन्ना सोडून डोंगरांत मुक्काम टाकायचे. (त्यांची सहा मुलं सांभाळायला पत्नी मार्थाबाई होत्या, हेही खरं.) क्लायंटला खंड झेपतो. आधी सांगितलेला, तारखा ठरलेला, परत येण्याचा दिवस माहीत असलेला खंड. रोज सकाळी सरकणारी वेळ झेपत नाही.

मग आम्ही नावं न घेता यादी केली. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले आहेत, त्यांची वेळ आठवड्याला, तीच, हलवायची नाही. स्थिरावलेल्यांना पंधरा दिवसांनी. निकालाच्या नव्या फोनपैकी तातडीचे तेवढे घ्यायचे, बाकीचे ओळखीच्या सहकाऱ्याकडे. घरातलं क्लिनिक बंद, कारण गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि हॉलमध्ये कैरी खाणाऱ्याला कायदा कोण समजावणार? आठवड्यातून तीन सकाळी गंगापूर रोड, आणि मेअखेर सलग दोन आठवडे पूर्ण रजा.

रजेचा मेसेज तिने लिहून आणला. त्यात ‘सॉरी’ तीनदा होतं, मुलाच्या सुट्टीची कहाणी होती. आम्ही तो छाटला: ‘मी 18 ते 31 मे रजेवर आहे. आपलं पुढचं सेशन 1 जूनच्या आठवड्यात, नेहमीच्या वेळी. या काळात अडचण आली तर खाली दिलेल्या सहकाऱ्यांशी बोला. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.’

पैशांचा प्रश्न मात्र मेसेजने सुटत नाही. प्रसूती रजेच्या कायद्याचा लाभ नोकरदार बाईला, स्वतःचं क्लिनिक चालवणारीला नाही, मग उन्हाळी रजेची काय कथा! ती वर्षाची कमाई 52 आठवड्यांवर मांडत होती, म्हणून प्रत्येक रजा तिला तोटा वाटायची. आम्ही 46 आठवडे धरून फी आणि भाडं पुन्हा मांडलं. फी थोडी वाढवावी लागली. ती आठवडाभर कुरकुरली, मग वाढवली.

आणि नवरा? तीन भेटींत त्याचं नाव फक्त ‘कंपनीत असतात’ एवढ्यापुरतं आलं होतं. ‘त्याच्या रजा किती शिल्लक आहेत?’ मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. भरपूर शिल्लक निघाल्या. त्याने एक आठवडा घेतला, आणि शिबिराची ने-आणही त्याच्याकडे गेली. शिबिरंही तीनावरून एकावर आली.

मुलासाठी रोज संध्याकाळी पाच ते सहा ठरलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. बाकीच्या वेळी तो कंटाळला तर कंटाळू दे. डोनाल्ड विनिकॉट लंडनमध्ये मुलांचे डॉक्टर होते, वर्षानुवर्षं आया आणि तान्ही मुलं पाहून त्यांचं मत झालं की मुलाला पुरेशी चांगली आई लागते, अचूक आई नव्हे. हळूहळू, झेपेल तितकं थांबावं लागल्यानेच मूल वाढतं.

सगळं गोड झालं नाही. मेसेज मिळाल्यावर एका क्लायंटने सुनावलं, ‘म्हणजे तुमची ट्रिप आणि माझी ट्रीटमेंट बंद.’ तिला वाटलं, रजा रद्द करावी. मी म्हटलं, हा राग सेशनमध्ये बोलायला घे. त्या क्लायंटबाईंच्या लहानपणी त्यांची आई नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहायची, ते बोलणं पहिल्यांदाच निघालं. बारावीचा मुलगा, ती त्याच्याशी आणि त्याच्या आईशी बोलली, माफी मागितली, तरी परत आला नाही. तो दुसऱ्या समुपदेशकाकडे जातो एवढं कळलं. ती अजून त्याचा विषय काढते, आणि मी तो मिटवायची घाई करत नाही. पुढच्या वर्षीच्या रजेच्या तारखा तिने डायरीत आत्ताच घातल्या आहेत, मेसेज मार्चमध्येच जाणार आहे.