जयगडच्या खाडीत होडी तू घाल

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मुंबई ते गोवा शिडाच्या होडीने, आणि तेही दोघांनीच जायचं ठरवलंत, हे वाचून फार आनंद झाला. नकाशावर काढलेली रेघ बरोबर आहे. तिच्याखाली लिहिलेलं कामांचं वाटप मात्र मला मुळीच पटलं नाही. सुकाणू, शीड आणि नांगर तुझ्या जोडीदाराकडे. सामान, स्वयंपाक आणि नोंदवही तुझ्याकडे. दोन माणसांच्या होडीवर असं चालत नाही. तो तापाने फणफणला, दोरात हात चेंगरला किंवा पाण्यात पडला, तर होडीवर तू एकटी उरतेस. त्याला शोधून वर घ्यायचं आणि बंदर गाठायचं, हे तुलाच करायचं आहे. तेव्हा शीड उतरवणं, मोटर चालू करणं, वळून मागे येणं आणि नांगर टाकणं हे दोघांनाही एकेकट्याने जमतं, याची खात्री मुंबईतच करून घ्या. दुसऱ्याने तेवढा वेळ हात बांधून नुसतं बसायचं, सूचनासुद्धा द्यायची नाही. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. एक झोपलेली असताना अख्खी होडी दुसरीच्या हाती, याशिवाय ते शक्यच नव्हतं. तुमचा पल्ला सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैलांचा असला तरी या बाबतीत तुम्हाला सूट नाही.

नोव्हेंबरचा हट्ट सोडा. २००९ मध्ये ११ नोव्हेंबरलाच 'फयान' वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान धडकलं, आणि कोकणातल्या मच्छीमारांनी त्यात माणसं गमावली. डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, दुपारच्या आधी तो पडतो आणि मग वायव्येकडून खारा वारा भरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी मिळतो. म्हणून उजाडताच नांगर उचलायचा आणि चारच्या आत पुढच्या ठिकाणी पोचायचं. चार-पाच नॉटच्या, म्हणजे तासाला चार-पाच सागरी मैलांच्या वेगाने दिवसाला पंचवीस-तीस मैल पुष्कळ झाले. रात्री चालू नका. जाळ्यांचे थर्माकोलचे बोये अंधारात दिसत नाहीत, आणि मोटरच्या पंख्यात दोर गुंतला की तो सोडवायला कुणालातरी पाण्यात उतरावं लागतं.

मुक्कामांबद्दल विचारलं आहेस. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा थांबत पणजीला जायच्या. उघड्या बंदरात बोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून किनाऱ्याला यायची. ती यादी आजही डोळ्यांसमोर ठेवा, पण सगळी ठिकाणं सारखी समजू नका. पहिल्या दिवशी थेट जंजिरा गाठायचा मोह होईल; ते चाळीसेक मैल होतात. त्यापेक्षा रेवदंड्याला थांबा. हर्णैला सुवर्णदुर्ग जवळून बघा, पण बंदर उघडं आहे, लाटा आल्या तर झोप मिळणार नाही. जयगड, विजयदुर्ग आणि देवगड या खऱ्या आसऱ्याच्या जागा. विजयदुर्गच्या वाघोटन खाडीत मराठ्यांनी आरमार का ठेवलं, ते आत शिरल्यावर दहा मिनिटांत कळतं: बाहेर समुद्र उसळत असतो आणि आत पाणी संथ. तिथे दोन रात्री काढा. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत, तिथे स्थानिक तांडेल, म्हणजे तिथलं पाणी जाणणारा होडीचा म्होरक्या, बरोबर घेतल्याशिवाय आत जाऊ नका.

आता खाडीत शिरण्याबद्दल, कारण या सफरीत जीव धोक्यात येईल तो बहुधा इथेच. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असू शकतो. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर येत असतं, त्यावर समोरून खारा वारा लाटा घेऊन आदळतो, आणि त्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. म्हणून शिरायचं ते चढत्या भरतीत. चुकून टेकलात तरी पाणी चढतंय, ते होडी उचलेल. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच आडवे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण आत शिरताना छापील वेळापत्रकच बघा. तोंडापासून अर्धा मैल बाहेर थांबा, शीड उतरवा, मोटर लावा आणि एखादी मच्छीमार बोट आत जाताना ती कुठून वळते ते नीट पाहा. पांढरा फेस सलग दिसला तर बाहेरच राहा. जयगडला पाणी खोल आणि तोंड रुंद आहे. तिथे होडी तू आत घाल. तो पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून खोली सांगेल.

नांगराचा हिशेब दोघांनी वेगवेगळा करा आणि मग ताडून बघा. समजा टाकताना तीन मीटर पाणी आहे, भरतीला आणखी तीन चढणार, आणि नाळ पाण्यापासून एक मीटर वर. झाले सात. त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर दोर सोडायचा. मुंबईकडे उधाणात चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्याकडे दोनच्या आसपास, त्यामुळे आकडा रोज बदलेल. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यालगत नांगरताना रापण, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली आहे का, ते आधी बघा. गावाच्या पोटावर आपला नांगर पडता कामा नये.

हवामान खातं आणि समुद्राचे अंदाज देणारी हैदराबादची संस्था इन्कॉइस यांचे अंदाज रोज सकाळी दोघांनी वाचायचे. होडीचे कागद आणि ओळखपत्रं पाणी न लागेल अशी ठेवा. सागरी पोलीस विचारतील आणि त्यांनी विचारायलाच हवं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, वाहिनी १६. दोन्ही सुकाणूजवळ ठळक लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट लग्नातली म्हण, होडीतली म्हण. तुमच्यापैकी एकालाही पुढे जाऊ नये असं वाटलं, तर जायचं नाही. न जाण्याचं कारण तेव्हा मागायचं नाही, ते नांगर पडल्यावर चहा घेताना विचारायचं. जो धीट आहे त्याला हे जड जातं, आणि तुमच्यात धीट कोण ते मला माहीत आहे. तरीही निघण्याआधी एकमेकांना तसा शब्द द्या. रत्नागिरीला दोन दिवस अडकलात तर अडकलात. त्यासाठीच गोव्याहून परतीचं तिकीट आधी काढू नका.

होडीनेच परत यायचं म्हटलं, तर तोच वायव्येचा वारा तोंडावर असेल. होडी गोव्यात ठेवून रस्त्याने आणता येते का ते आताच चौकशी करून ठेव. येत्या रविवारी दोघंही भरतीचं वेळापत्रक आणि नांगराचा दोर घेऊन या. दोर मला हातात घेऊन बघायचा आहे.

तुझा,
काका