खेळाडूंनी बनवलेल्या मॅप एडिटरमध्ये नवं काय जोडावं?

तुम्ही विचारलंय की नागपुरात इंजिनिअरिंगला आहात, प्रोग्रॅमिंग येतं, आणि क्वेक, हाफ-लाइफसारख्या जुन्या शूटर गेमसाठी खेळाडूंनीच बनवलेल्या एखाद्या मुक्त मॅप एडिटरला हातभार लावायचाय; तर कुठलं नवं फीचर घ्यावं?

माझं ऐकाल तर नवं फीचर राहू द्या. मॅप बनवणाऱ्याची चूक कुठे झाली, हे एडिटरनं त्याला लगेच आणि समजेल असं सांगावं, एवढं करा.

२००५-०६ च्या सुमारास आम्ही दोघा मित्रांनी काउंटर-स्ट्राइक या शूटर गेमसाठी नागपूरच्या महाल भागातली आमची गल्ली बनवायला घेतली होती. खेळायचो धरमपेठेतल्या कॅफेत, तासाचे पैसे मोजून. मॅपचं काम मात्र घरच्या पेंटियमवर, कूलरसमोर बसून. वाडे, ओटे, बोळ पटापट उभे राहिले, कारण हॅमर एडिटरमध्ये सगळं ठोकळ्यांचंच काम. अडलो गांधी गेटपाशी. कमानीसाठी ठोकळे तिरपे कापावे लागतात, त्यांची टोकं ग्रिडवर बसत नाहीत आणि दोन तुकड्यांत केसाएवढी फट राहते. डोळ्याला ती दिसतही नाही. पण या इंजिनात मॅप डब्यासारखा बंद लागतो. आतल्या एखाद्या एन्टिटीपासून, म्हणजे दिवा, दार, खेळाडूची जागा अशा मांडलेल्या वस्तूपासून, बाहेरच्या पोकळीपर्यंत वाट सापडली, की मॅप खेळण्याजोगा करून देणारा कंपायलर ‘लीक इन हल ०’ असं म्हणून मोकळा होतो आणि पुढचं व्हिस, म्हणजे कुठून काय दिसतं याचा हिशेब, होतच नाही.

आता हल म्हणजे काय, हे आम्हाला कोण सांगणार? कॅफेतल्या एका उस्तादानं सल्ला दिला, अख्ख्या मॅपभोवती एक मोठी पेटी टाका. टाकली, लीक गेली! फक्त आता छपरांच्या वरची आणि भिंतींमागची सगळी रिकामी जागाही हिशेबात आली. व्हिस रात्रभर चाललं आणि पहाटे लाइन गेली. मे महिना, भारनियमन, काय सांगू बाप्पा.

खरी चिडचिड पुढे झाली. कंपायलर लीकची वाट एका फाइलीत लिहून ठेवत होता आणि ती एडिटरमध्ये उघडली की फटीपर्यंत रेघ दिसत होती. मेनूत दडलेली ही सोय आम्हाला कित्येक आठवड्यांनी कळली. रेघ धरून गेलो, दहा मिनिटांत कमानीची फट सापडली. दुसरी लीक निघाली वाड्याच्या दारात. भिंतीची एन्टिटी केली की ती पोकळी अडवत नाही, पण एडिटर त्यावर अवाक्षर बोलत नव्हता.

ही साधनं बाहेरच्यांनीच घडवलीत. १९९३ मध्ये डूम आला तेव्हा सोबत एडिटर नव्हता. चाहत्यांनी फाइलींची रचना उलगडून १९९४ मध्ये स्वतःचा तयार केला. हॅमरही मुळात वर्ल्डक्राफ्ट नावाचं एका खेळाडूचंच साधन, हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते नंतर घेतलं. २००७ च्या हेलो ३ या गेममधल्या फोर्ज नावाच्या एडिटरमध्ये भिंती बदलता येत नव्हत्या, नुसत्या वस्तू मांडायच्या. पण मांडलं की तिथेच, मित्रांसोबत खेळून बघता यायचं, म्हणून लोक तासन्‌तास त्यात रमले.

तुमच्या कामाचं सांगतो. क्वेकची डॉट मॅप फाइल साधी टेक्स्ट असते. ठोकळ्याची प्रत्येक बाजू म्हणजे तीन बिंदू आणि एका टेक्स्चरचं नाव. म्हणजे एडिटरच्या कोडला हात न लावता पायथॉनमध्ये तपासणी लिहिता येते. ग्रिडबाहेरचे बिंदू शोधा, खेळाडूची सुरुवातीची जागा ठेवलीय का ते बघा. जमलं की ट्रेंचब्रूम या मुक्त मॅप एडिटरचा कोड वाचा. चुकांची यादी आणि लीकची रेघ दोन्ही त्यात आधीच आहेत, तेव्हा तेच पुन्हा बांधत बसू नका. त्यातला एखादा संदेश नवख्याला कळेल असा करून पाठवा.

त्याआधी एक संध्याकाळ हॉस्टेलमधल्या एखाद्या ज्युनियरला पहिला मॅप बनवायला बसवा. मागे खुर्ची टाकून बसा, तोंड मात्र उघडायचं नाही. तो जिथे अडेल ते वहीत टिपा. माझा अंदाज, पहिल्या तासात तो दार खेळाडूपेक्षा बुटकं करून ठेवेल. हाफ-लाइफमध्ये उभा खेळाडू ७२ युनिट उंच असतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आणि चाचणीला मोडका मॅप लागला तर सांगा. आमच्या महालाची जुनी फाइल अजून आहे, गांधी गेटच्या फटीसकट.