वर्गमूळ आलं की वही मिटते

"मॅडम, आठवीपर्यंत सगळं ठीक होतं. नववीत करणीची, म्हणजे √२ सारख्या मुळांची, गणितं सुरू झाली नि ही वहीच मिटून ठेवते. हिला गणित जमणारच नाही का?"

सिडकोतून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. घटक चाचणीचे पेपर हाती पडले की नाशिकमधले कितीतरी आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लेक शेजारी नखं कुरतडत बसली होती. मार्कांचा विषयच काढला नाही, वही मागितली.

√७२ ला सरळ रूप द्यायचं होतं. तिनं लिहिलं होतं: √९ × √८ = ३√८. त्यावर लाल फुली. पुढची चार पानं कोरी.

ती फुली मला फार लागली. ३√८ चूक नाहीच. ३ × ३ × ८ म्हणजे ७२च. काम फक्त अर्ध्यावर राहिलं होतं.

"आठात अजून एखादा पूर्ण वर्ग लपलाय का गं?"

बराच वेळ ती पाहत राहिली. "चार... तो दोन होऊन बाहेर येईल. सहा √२!" मग अगदी हळू, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

नव्हतं. पण पुढे √५० + √१८ = √६८ लिहिलं होतं, ते खरंच चुकलं होतं आणि तेही मी सांगितलं. खोटा दिलासा मुलांना लगेच कळतो. म्हटलं, अंदाज घे. √५० सातहून जास्त, √१८ चारहून जास्त, बेरीज अकराच्या पुढे. √६८ तर नऊसुद्धा नाही. ती स्वतःच म्हणाली, "जुळत नाही." मग ५√२ + ३√२ = ८√२ तिनंच काढलं.

साधी वजाबाकी अडली असती, अंक उलटसुलट लिहिले जात असते, तर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचं मी सुचवलं असतं. इथं तसं काही नव्हतं. आईला एवढंच सांगितलं, "ताई, 'किती चुकलं' विचारू नका, 'कुठपर्यंत आलीस' विचारा. आणि पंधरापर्यंतचे वर्ग तोंडपाठ करून घ्या."

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. वहीत √२०० होतं. पहिल्या ओळीत २√५०, खाली १०√२. पहिली ओळ तिनं खोडली नव्हती.