ऑस्ट्रेलियात पुरुषांच्या तंग पोहण्याच्या चड्डीला ‘बजी स्मगलर्स’ का म्हणतात?

बजी म्हणजे बजरीगर. आपल्याकडे पिंजऱ्यात घालून सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ना, तो छोटा पोपट. मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. एवढासा पक्षी चड्डीत लपवून चोरून नेला तर पुढून जसा उंचवटा दिसेल, तसाच या तंग चड्डीत दिसतो. बाकी समजून घ्या!

‘स्पीडो’ही म्हणतात. तो खरं तर सिडनीचा ब्रँड, पण झेरॉक्ससारखं नाव वस्तूलाच चिकटलं. ‘डीटीज’ हाही एक शब्द आहे, त्याचं पूर्ण रूप चारचौघांत सांगण्यासारखं नाही. अमेरिकेत याच चड्डीला ‘बनाना हॅमॉक’ म्हणतात, म्हणजे केळ्याची झोळी.

शब्द खरा गाजला तो ऑस्ट्रेलियन राजकारणी टोनी ॲबट यांच्यामुळे. समुद्रकिनाऱ्यावर स्वयंसेवक जीवरक्षक म्हणून ते अशाच चड्डीत दिसायचे. २०१३ मध्ये पंतप्रधान झाले, तरी व्यंगचित्रकारांनी त्यांना त्या चड्डीतून काही बाहेर पडू दिलं नाही. पुढे २०१६ मध्ये मलेशियात फॉर्म्युला वन शर्यतीनंतर नऊ ऑस्ट्रेलियन तरुण कपडे काढून मलेशियाच्या झेंड्याची नक्षी असलेल्या चड्ड्यांवर नाचले. पोलिसांनी उचललं, काही रात्री कोठडीत गेल्या, आणि पेपरवाल्यांनी त्यांचं बारसं केलं: ‘बजी नाइन’.