आधी मॉनिटर सांगा, मग ग्राफिक कार्ड ठरवू

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे, नोकरी करते. गेमिंग पीसीसाठी दोन वर्षं पैसे साठवले, आता तीन लाख जमलेत. दुकानदाराने यादी दिली आहे : इंटेल कोअर अल्ट्रा 9 285के प्रोसेसर, आरटीएक्स 5080 ग्राफिक कार्ड, 16 जीबीच्या चार रॅम, 360 मिलिमीटरचा लिक्विड कूलर, जेन 5 एसएसडी, समोरून काचेचं कॅबिनेट आणि 750 वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). मॉनिटर घरातला जुनाच वापरेन, 24 इंची फुल एचडी, 60 हर्ट्झ. रोज व्हॅलोरंट खेळते, शिवाय सायबरपंक 2077 रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सोय) लावून खेळायचा आहे. खोलीत एसी नाही, उन्हाळ्यात कूलर लावतो. बाबा म्हणतात, खेळण्यासाठी एवढा खर्च कशाला. यादी बरोबर आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बाबांचं आधी. स्वतःच्या कमाईतून दोन वर्षं पैसे बाजूला काढून घेतलेल्या वस्तूला उधळपट्टी म्हणत नाहीत. पण ते पैसे योग्य जागी लागले पाहिजेत, आणि या यादीत ते लागत नाहीत. यादीत महागाच्या वस्तू आहेत. तुमचा मॉनिटर, तुमची खोली आणि तुमच्या घरची वीज यांचा विचार मात्र कुठेच दिसत नाही.

मॉनिटरपासून सुरुवात करू. 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रं दाखवतो. कार्डाने 300 तयार केली तरी तुमच्या डोळ्यांपर्यंत 60च पोचणार. लाखाच्या वरचं कार्ड अशा मॉनिटरला जोडणं मला पटत नाही. तुम्ही 27 इंची, 2560 बाय 1440 चा, किमान 180 हर्ट्झचा मॉनिटर घ्या. व्हॅलोरंटमध्ये हात बसलेला असेल तर 240 हर्ट्झचा घ्या, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. फोर-केच्या मोहात पडू नका. 1440 च्या चित्रात साधारण 37 लाख ठिपके असतात, फोर-केमध्ये 83 लाख. म्हणजे प्रत्येक चित्रामागे कार्डाचं काम सव्वादोन पट होतं.

1440 ला आरटीएक्स 5070 टीआय पुरेसं आहे. 5080 आणि 5070 टीआय या दोन्हींत एकाच जातीची चिप आहे आणि मेमरीही दोन्हींत 16 जीबीच. वेगातला फरक साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. 2025 च्या सुरुवातीला दोन्ही आली तेव्हा 5080 ची भारतातली जाहीर किंमत 1,07,000 होती आणि 5070 टीआयची 80,000. बाजारभाव रोज बदलतो, तरी दोघांतलं अंतर काढून बघा. चांगल्या मॉनिटरचे बरेचसे पैसे तिथेच सुटतात.

आता प्रोसेसर. 285के वाईट नाही. त्याचे 24 कोअर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याच्या उपयोगी पडतात. गेमला मात्र कोअरच्या संख्येपेक्षा प्रोसेसरच्या अगदी जवळ असलेली कॅशे मेमरी जास्त लागते. एएमडीच्या रायझन 7 9800एक्स3डी मध्ये आठच कोअर आहेत, पण एल3 कॅशे 96 एमबी आहे, 285केमध्ये ती 36. गेममध्ये 9800एक्स3डी स्पष्टपणे पुढे आहे. आधीच्या 7800एक्स3डी मध्ये ही जादा कॅशे कोअरच्या डोक्यावर बसवलेली होती, त्यामुळे उष्णता अडायची. 9800 मध्ये ती कोअरच्या खाली नेली आहे. नागपूरच्या माणसाला हा बदल महत्त्वाचा.

रॅमच्या चार पट्ट्या अजिबात नकोत. डीडीआर5 मध्ये चारही स्लॉट भरले की वेग पाडावा लागतो. 16-16 च्या दोन घ्या, 6000 वेगाच्या, सीएल30 (रॅम प्रतिसाद द्यायला किती वेळ घेते त्याचा आकडा, कमी तितका चांगला), आणि दोन्ही एकाच पाकिटातल्या. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत, म्हणून 64 जीबीचा आग्रह सोडा, गेमला 32 पुरते. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. मशीन सुरू झालं की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ते राहून गेलं तर 6000 चे पैसे देऊन 4800 वर खेळत बसाल. माझ्याकडे ‘मशीन स्लो आहे’ म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं दुखणं एवढंच निघालं आहे.

एसएसडी, म्हणजे गेम साठवणारी डिस्क, जेन 4 ची (आधीच्या पिढीची) घ्या. जेन 5 जास्त तापते आणि गेम उघडायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक पडत नाही.

एसएमपीएसबद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे. दुकानदाराने प्रोसेसर आणि कार्डाचं मॉडेल लिहिलं आणि इथे नुसतं ‘750 वॉट’. शिवाय 5080 साठी एनव्हिडियाच 850 वॉट सांगते. 2009 मध्ये मी माझ्या धाकट्या भावाला मशीन जोडून दिलं, तेव्हा एसएमपीएसवर दोन हजार रुपये वाचवले. दुसऱ्या पावसाळ्यात वीज जाऊन झटक्यात आली आणि तो एसएमपीएस जळाला. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कवर त्याच्या मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. ते दोन हजार मला अजून टोचतात. तुम्ही नावाजलेल्या कंपनीचा, एटीएक्स 3.1 या नव्या मानकाचा, 850 वॉटचा आणि शक्यतो दहा वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. एसएमपीएसवरचा ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले भाग किती टिकतील ते त्यावरून कळत नाही.

कार्डाला वीज देणारी सोळा पिनांची केबल एसएमपीएससोबत आलेलीच वापरा. ती ‘कट्’ होईपर्यंत आत गेली पाहिजे, आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वाकवू नका. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 ची कनेक्टरं वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, त्यात अर्धवट बसलेला कनेक्टर हे एक मोठं कारण निघालं.

मशीन घरी येण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. चालू कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, असं पुष्कळ जण सांगतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा जो थोडासा प्रवाह अर्थिंगमधून निघून जायला हवा, त्याला वाटच नसते, म्हणून तो तुमच्या बोटांतून जातो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) आहे का ते बघा आणि त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला पाहिजे. वेगळा यूपीएस घेणार असाल तर 600 व्हीएचा उपयोगाचा नाही, त्यातून साधारण 360 वॉटच मिळतात. कार्ड एकटंच 300 वॉट ओढतं.

आणि उन्हाळा. कुठलाही पंखा किंवा लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीत 38 अंश असतील तर हिशेब तिथूनच सुरू होतो, आणि खेळताना हे मशीन स्वतःच अर्ध्या किलोवॉटच्या हीटरसारखं खोली तापवतं. म्हणून समोर काच नको, जाळी हवी : पुढून दोन-तीन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. 9800एक्स3डी ला दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. लिक्विडमधला पंप कधीतरी थकतोच, एअर कूलरमध्ये बिघडायला पंख्याशिवाय काही नसतं आणि पंखा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

तुमच्या खोलीतल्या कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका, हे हात जोडून सांगतो. वर्ध्याला एका घरी मी मे महिन्यात मशीन उघडलं, तर कार्डाच्या पंख्यांवर आणि हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) पांढरट खरखरीत थर होता. टाकीतल्या जड पाण्याचे तुषार आत ओढले जात होते आणि पाणी उडून क्षार मागे राहत होते. मशीन कूलरच्या समोरच्या भिंतीला न ठेवता बाजूच्या भिंतीला ठेवा, जमिनीपासून फूटभर वर, आणि जाळ्या दर पंधरा दिवसांनी झटका.

नवी यादी बनवून घ्या, प्रत्येक वस्तूचं मॉडेल नंबरसकट. बिल पक्कं, सिरियल नंबर लिहिलेलं. दुकानातून घरी आणताना ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यातून आणा, नाहीतर वर्धा रोडवरच्या दोन-चार धक्क्यांत त्याच्या वजनाने स्लॉट तुटू शकतो.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून दिवाळीला येतोय. ग्राफिक कार्ड तिकडून आणायला सांगू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ज्या कंपनीचं कार्ड आहे तिच्या भारतातल्या सेवा केंद्राला ई-मेल करून आधी विचारा की तिकडच्या बिलावर इथे वॉरंटी देता का. बऱ्याच कंपन्या देत नाहीत. ‘हो’ असं लेखी उत्तर आलं तरच आणा. त्याला मूळ बिल जवळ ठेवायला आणि कार्ड हातातल्या बॅगेत घ्यायला सांगा, विमानतळावर स्वतःहून जाहीर करून लागेल ती ड्यूटी भरायची. ड्यूटी धरून इथल्या किमतीशी पाच-सात हजारांचाच फरक पडत असेल, तर मी चिंचवडमध्येच घेईन.