रुमालात काय दिसलं?

प्रश्न : आठ दिवस सर्दी आहे. पहिले दोन दिवस नाकातून नुसतं पाणी गळत होतं, मग शेंबूड पांढरट झाला आणि चौथ्या दिवसापासून चक्क हिरवा येतोय. ताप नाही, नाकही कालपासून जरा मोकळं वाटतंय, पण सकाळी शिंकरल्यावर रुमाल बघून धसका बसतो. मिस्टर म्हणतात, हिरवा म्हणजे इन्फेक्शन. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. आणि 'शेंबूड' असं सरळ लिहिलंत म्हणून आभार. माझ्यासमोर बसलेला माणूस 'डॉक्टर, ते नाकातून जरासं…' म्हणून थांबतो आणि पुढचं मला ओळखावं लागतं. हल्ली तर मोबाइलवरचा फोटोच पुढे करतात.

हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच शिपायांचा असतो. नाकात विषाणू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम ठासून भरलेलं असतं. त्यात लोह असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. पेशी थोड्या असल्या की शेंबूड पिवळट दिसतो, पुष्कळ जमल्या की हिरवा. पेशी विषाणूवरही येतात आणि बॅक्टेरियावरही, त्यामुळे नुसत्या रंगावरून शत्रू कोण ते कळत नाही. सकाळचा रंग गडद, कारण रात्रभर साचून तो आटलेला असतो. उद्या सकाळचा आणि दुपारचा रुमाल ताडून बघा.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही रुमाल बघून गोळ्या लिहून दिल्या आहेत. पेशंट सहाव्या दिवशी यायचा, चार-पाच दिवसांत बरा व्हायचा, आणि मी माझ्या चिठ्ठीवर खूश. साधी सर्दी तशीही सात ते दहा दिवसांत उतरते, एवढा हिशोब करायला मला बराच काळ लागला.

आता मी रंगाआधी तारीख विचारते. दहा दिवस उलटून गेले आणि तिळभरही उतार नाही; किंवा बरं वाटू लागलं होतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ताप, डोकेदुखी, घाण स्राव घेऊन सगळं उलटलं; किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सियसच्या वर ताप, गाल ठणकतोय आणि पिवळाहिरवा पू. या तिन्हींत सायनसमध्ये बॅक्टेरिया असण्याची शक्यता वाढते, आणि औषध द्यायचं का हे तेव्हा तपासून ठरवावं. तुमचं नाक मोकळं व्हायला लागलंय, म्हणजे तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर आराम पडेल, फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं, थेट नळाचं नको. चोंदलेलं नाक मोकळं करणारे ड्रॉप्स पाच दिवसांच्या पुढे नकोत. नाहीतर ड्रॉप्समुळेच नाक चोंदायला लागतं.

मिस्टरांना एक गोष्ट सांगा. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याच्या काही वर्षं आधी, १९२१ मध्ये, स्वतःला सर्दी झालेली असताना आपला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकला होता. त्याच्या आसपासचे जंतू विरघळले. त्यातून लायसोझाइम सापडलं. म्हणजे जंतू मारणारं काहीतरी त्या रुमालात आधीच आहे.

नाकापेक्षा छातीतून येणाऱ्या बेडक्याच्या रंगाला मात्र मी जास्त मान देते. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटचा कफ एरवी पांढरा असतो. तो हिरवा झाला, वाढला आणि धापही वाढली तर तिथे अँटिबायोटिकचा विचार खरोखर करावा लागतो. तापाबरोबर गंजासारखा कफ असेल तर न्यूमोनिया आहे का ते पाहावं लागतं. गुलाबी फेस आणि दम लागणं म्हणजे फुप्फुसात पाणी असू शकतं, तिथे तासभरही थांबू नये. खोकल्यातून रक्त पडलं तर लगेच दाखवा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर रंग कोणताही असो, टीबीची तपासणी हवीच. नाक कोरडं पडून मेकूड काढताना घोळणा फुटला, तर त्याची एवढी धास्ती नको: पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीच्या उजव्याच नाकपुडीतून पिवळा, घाण वासाचा शेंबूड येतोय. दोन आठवडे सर्दीचं औषध चालू आहे, फरक नाही.

उत्तर : सर्दी सहसा दोन्ही नाकपुड्यांना होते. लहान मूल, एकच नाकपुडी आणि दुर्गंधी म्हटलं की मी आधी आत काय घातलंय ते शोधते. माझ्या टेबलाच्या खणात एक डबी आहे: मणी, खोडरबराचे तुकडे, फोमचे बोळे. फोम सगळ्यांत जास्त वास मारतो. घरी चिमट्याने कोरू नका, वस्तू आणखी आत सरकते. एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. घड्याळात किंवा खेळण्यात असतो तो बटण सेल आत गेल्याची नुसती शंका असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. काही तासांत तो आतली त्वचा जाळतो आणि नाकाच्या पडद्याला भोक पाडू शकतो.

प्रश्न : सर्दी नाही, शिंका नाहीत, पण खाली वाकलं की डाव्या नाकपुडीतून पाण्याचे थेंब टपकतात. घशात खारट लागतं. पाणी अगदी स्वच्छ आहे, त्यामुळे ॲलर्जीच असणार ना? पत्राशी संबंध नाही, पण तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडलो होतो, डोक्याला टाके पडले.

उत्तर : संबंध आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. डोक्याला मार लागल्यानंतर एकाच बाजूने असं पाणी येतं, तेव्हा ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं: कवटीच्या तळाला चीर पडली की ते नाकात उतरतं. त्याच वाटेने जंतू वर चढले तर मेंदूज्वर होतो. पाणी एका स्वच्छ बाटलीत धरून ठेवा. त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन हे मेंदूभोवतीच्या पाण्यातलं प्रथिन सापडलं की निदान पक्कं होतं. नाक शिंकरू नका, जड उचलू नका, आणि हा अंक बाजूला ठेवून आजच हॉस्पिटल गाठा.